घाटांतील पाऊस आणि मोटारीचे टायर

मृग नक्षत्र लागलें, कीं जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांतील शेतकरी आभाळाकडे पाहूं लागतो. ज्याच्या दारीं मोटार उभी आहे त्यानें त्याच दिवशीं आणखी एका गोष्टीकडे पाहावें, आणि ती म्हणजे गाडीचीं चार चाकें. हे दोन तालुके नकाशावर शेजारीं शेजारीं दिसतात. परंतु त्यांच्या पोटांत दोन निराळे प्रदेश आहेत. आळेफाटा, नारायणगांव, मंचर हा पूर्वेचा भाग मोकळ्या पठाराचा, बेताच्या पावसाचा व बव्हंशीं सरळ रस्त्यांचा. पश्चिमेस मढ, आपटाळे, डिंभे हीं गांवें मागें टाकलीं, कीं सह्याद्रीचा कडा जवळ येतो आणि पाऊस कित्येक पटींनीं वाढतो. आळेफाट्यास धूळ उडत असतांना माळशेजच्या माथ्यावर दहा पावलांपलीकडचें दिसूं नये असें धुकें असतें. मंचरला ऊन पडलेलें असतां भीमाशंकरच्या अरण्यांत रस्त्यावरून पाण्याचे लोट वाहत असतात. मोटार हें अंतर तासादोन तासांत तोडते. तेवढ्या वेळांत तीच गाडी, तेच टायर आणि तोच चालक यांना कोरड्या पठारावरून निसरड्या घाटांत जावें लागतें.

घाट उतरण्यापूर्वीं पाय तपासावे, ही रीत या मुलुखांत नवी नव्हे. सातवाहनांच्या काळीं, म्हणजे सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं, जुन्नरचा व्यापार नाणेघाटानें कोंकणांत उतरत असे. खडक फोडून केलेला तो मार्ग, तेथील ब्राह्मी लिपींतला शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही प्रवाशाला पाहावयास मिळतो. पुढें बैलगाडीचा काळ आला, तेव्हां लांबच्या वाटेस लागण्यापूर्वीं बैलांच्या खुरांना पत्र्या मारून घेणें हें शहाण्या गाडीवानाचें पहिलें काम असे. आजच्या मोटारीची पत्री म्हणजे तिचा टायर. एंजिन कितीही जोराचें असलें, ब्रेक कितीही उत्तम असले, तरी त्यांचा जोर जमिनीपर्यंत पोंचतो तो टायरांतूनच.

हा संबंध किती थोड्या जागेचा असतो, याचा हिशेब सोपा आहे. माणसांसकट सोळाशें किलोग्राम वजनाची एक गाडी घेतली, तर प्रत्येक चाकावर सुमारें चारशें किलोग्राम भार येतो. टायरांत तीस पौंड हवा असेल, तर ती दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २.१ किलोग्राम भार उचलते. चारशेंला २.१ नें भागलें असतां उत्तर येतें सुमारें १९० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पसरलेल्या हाताच्या पंजाएवढी जागा. कुटुंबांतील पांचसात माणसें, त्यांचें सामानसुमान आणि ती सगळी गाडी घाटाच्या वळणावर या चार पंजांच्या आधारानें उभी असते.

ज्या कुटुंबांतील मुलें परदेशीं आहेत तेथें एक सल्ला हल्लीं हटकून ऐकूं येतो. कॅनडांतील किंवा जर्मनींतील मुलगा फोनवर सांगतो, कीं तिकडे हिवाळा लागला, कीं निराळे टायर घालावे लागतात, मग इकडेही पावसाळ्यापूर्वीं तसे का घेऊं नयेत? मुलाचें म्हणणें त्याच्या गांवापुरतें अगदीं खरें आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतानें २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे केले, आणि जर्मनींतही बर्फाळ रस्त्यावर साध्या टायरांनीं गाडी हांकणें हा गुन्हा आहे. साध्या टायराचें रबर सुमारें सात अंशांखालीं कडक होऊं लागतें व त्याची पकड सुटते. हिवाळी टायराचें रबर मुद्दाम मऊ ठेवलेलें असतें, आणि त्याच्या नक्षीवर सुरीनें चिरल्यासारख्या असंख्य बारीक रेघा असतात. त्या बर्फाला धरतात. तीन शिखरें व मध्यें हिमकण असें चिन्ह त्यावर असतें.

परंतु जुन्नरची थंडी म्हणजे क्वेबेकची थंडी नव्हे. येथें पौषांतल्या पहांटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, तरी दुपारीं रस्ता तापतो, आणि रस्त्यावर बर्फ कधींच साचत नाहीं. मऊ रबराचा टायर या उन्हांत लवकर झिजतो व गरम डांबरावर ब्रेकला नीट साथ देत नाहीं. तेव्हां येथील संकटाचा ऋतु निराळा, आणि त्यावरचा उपायही निराळा. या प्रदेशाचा ‘हिवाळा’ जूनमध्यें सुरू होतो. येथें टायरानें बर्फ धरावयाचा नसून पाणी बाजूस सारावयाचें आहे.

दुसरा एक समज याहून अधिक घातक आहे. चारी चाकांस एंजिनाचा जोर देणारी गाडी, जिला लोक ‘फोर बाय फोर’ म्हणतात, ती या भागाला जुन्या परिचयाची आहे. १९४१ सालीं अमेरिकन सैन्यासाठीं जीप तयार झाली, आणि १९४७ पासून मुंबईच्या महिंद्र कंपनीनें तिची जुळणी भारतांत सुरू केली. तेव्हांपासून डोंगरांतल्या वाड्यावस्त्यांपर्यंत जाणारें वाहन म्हणजे जीप, हें समीकरण बसलें. आतां शहरांतील कुटुंबेंही अशा गाड्या घेऊं लागलीं आहेत, आणि गाडी घेतांना मनांत असा विश्वास बाळगतात, कीं हिला घाटाची भीति नाहीं. या विश्वासाचा अर्धाच भाग खरा आहे. चारी चाकांना जोर मिळाला, कीं गाडी चिखलांतून निघते, ओल्या चढावर चाकें जागच्या जागीं फिरत नाहींत. परंतु थांबण्याच्या कामीं या यंत्रणेचा कांहीं उपयोग नाहीं. ब्रेक साध्या गाडीलाही चारी चाकांना असतो. उलट, चढतांना गाडी घसरली नाहीं म्हणून चालकाला रस्ता बरा आहे असें वाटतें, तो वेग वाढवितो, आणि उतारावर वळण आलें म्हणजे फसतो. चढविणें हें एंजिनाचें काम आहे. थांबविणें शेवटीं टायराच्या हातीं आहे.

आंकड्यांत पाहिलें म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी कोरड्या डांबरावर चांगल्या टायरांनीं सुमारें २० मीटरांत थांबते, असें समजूं. तोच रस्ता ओला झाला आणि पकड ०.७ वरून ०.४ वर आली, तर तेंच अंतर ३५ मीटर होतें. टायर झिजलेले असून रस्त्यावर शेतांतल्या ट्रॅक्टरानें आणलेली माती पसरली असेल व पकड ०.२५ वर आली, तर गाडीला थांबावयास ५६ मीटर लागतात. यांत चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरलेला नाहीं. त्या सेकंदांत आणखी सुमारें १७ मीटर जातात. उतार असेल तर हे आंकडे आणखी वाढतात. आतां याच ओल्या रस्त्यावर वेग ४० केला, तर ३५ मीटरांचे १६ मीटर होतात. वेग कमी करण्यास पैसा पडत नाहीं. म्हणून जगांतला सर्वांत स्वस्त पावसाळी टायर म्हणजे हलका पाय, असें म्हटलें तर चूक होणार नाहीं.

पाण्याचा आणखी एक डाव असतो. रस्त्यावर पाण्याचा थर साचला आणि वेग वाढला, कीं टायराला तें पाणी बाजूस सारण्यास वेळ मिळत नाहीं. चाक पाण्यावर उचललें जातें व सुकाणूं हातांत हलकें लागूं लागतें. अमेरिकेच्या नासा या संस्थेंतील संशोधकांनीं विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६३ सालीं यासंबंधीं एक साधें सूत्र प्रसिद्ध केलें. त्या सूत्राप्रमाणें तीस पौंड हवेच्या चाकाला हा धोका ताशीं सुमारें ९० किलोमीटर वेगास येतो, आणि हवा वीस पौंडांवर उतरली असेल तर ७५ च्या आसपासच. टायराची नक्षी झिजलेली असेल, तर मोटारीला तो याहूनही आधीं गांठतो. आळेफाट्याच्या आसपासच्या सपाट रस्त्यांवर हे वेग सहज गांठले जातात. म्हणून केवळ घाटांतच जपावें असें नाहीं.

टायरावरील खांचा शोभेसाठीं नसून पाण्याला वाट देण्यासाठीं असतात, हें यावरून ध्यानांत येईल. नव्या टायराची खांच सुमारें आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याप्रमाणें मोटारीच्या टायराची खोली १.६ मिलिमीटरांखालीं जातां कामा नये, आणि ती मर्यादा कळावी म्हणून खांचेच्या तळाशीं ठिकठिकाणीं रबराचे लहान उंचवटे ठेवलेले असतात. वरची नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीस आली, कीं टायराचें आयुष्य संपलें. परंतु कायद्याची मर्यादा ही सुरक्षिततेची मर्यादा नव्हे. तीन मिलिमीटरांखालीं गेलेला टायर उन्हाळ्यांत कांहीं महिने काम देईल. माळशेजच्या पावसांत तो देणार नाहीं. म्हणून टायर बदलावयाचेच असतील, तर दिवाळीपर्यंत ओढण्यापेक्षां मृगापूर्वीं बदलणें शहाणपणाचें आहे. खर्च तोच, परंतु नव्या टायराचें उत्तम वर्ष पावसाच्या वाट्यास येतें.

दुकानांत गेल्यावर तीन जाती समोर येतात. पहिली डांबरी रस्त्याची, बारीक व सलग खांचांची. दुसरी मिश्र रस्त्याची, मध्यम ठोकळ्यांची. तिसरी चिखलाची, मोठमोठ्या सुट्या ठोकळ्यांची. तरुण मंडळींना तिसरी फार आवडते, कारण तिनें गाडी रुबाबदार दिसते. परंतु ठोकळ्यांमधील मोकळ्या जागेमुळें या टायराचें कमी रबर रस्त्यास टेंकतें. ओल्या डांबरावर तो लौकर घसरतो, आवाज करतो व तेल अधिक खातो. ज्याचें शेत भातखाचरांच्या पलीकडे आहे आणि रोज चिखलांतून जाणें आहे, त्यानें तो खुशाल घ्यावा. ज्याच्या प्रवासाचा नऊ दशांश भाग डांबरावर होतो व कधींमधीं मुरमाच्या वाटेनें आहुप्याकडे किंवा नाणेघाटाच्या पठारावर जाणें असतें, त्याला मिश्र जातीचा सौम्य टायर पुरतो. आणि जो मंचर-पुणें आणि वर्षांतून दोनदां भीमाशंकर एवढेंच करतो, त्याला पहिल्या जातीचा, पावसांत चांगली पकड देणारा टायर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित. २०२२ सालीं केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत बदल करून ओल्या रस्त्यावरील पकडीची कसोटी टायरांस लागू केली; विकत घेतांना दुकानदारास या पकडीविषयीं अवश्य विचारावें.

येथें चार चाकी जोराच्या गाडीचा एक खास खर्च येतो, आणि पुष्कळांना तो उशिरां कळतो. साध्या गाडीचे दोनच टायर झिजले तर दोन बदलून भागतें, आणि तेव्हां नवी जोडी मागें लावावी असा जाणत्यांचा सल्ला असतो, कारण मागचीं चाकें सुटलीं तर गाडी गरकन् फिरते. चारी चाकें यंत्रानें एकमेकांस जोडलेल्या गाडीत मात्र चारी टायर एकाच घेराचे लागतात. समजा, टायराच्या कडेवर २१५/७५ आर १५ असे आंकडे आहेत. याचा अर्थ रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आणि आंतील लोखंडी चाक १५ इंचांचें. हिशेब केला तर असा नवा टायर एका फेऱ्यांत सुमारें २ मीटर २१ सेंटिमीटर चालतो. त्याची नक्षी सहा मिलिमीटर झिजली, तर प्रत्येक फेऱ्यांत तो पावणेचार सेंटिमीटर कमी चालतो. म्हणजे एका किलोमीटरांत त्याला जवळजवळ आठ फेरे अधिक घ्यावे लागतात. पन्नास किलोमीटरांच्या प्रवासांत हा फरक चारशें फेऱ्यांचा होतो. तो फरक कोणी तरी सोसावयास पाहिजे, आणि तो सोसतात पुढील व मागील चाकांना जोडणारे दांतेरी गट्टू. ते बिघडले, तर दुरुस्तीचा खर्च टायरांच्या खर्चाला मागें टाकतो. म्हणून अशा गाडीचे चारी टायर एकाच जातीचे, एकाच मापाचे व एकाच वेळीं घेतलेले असावेत.

ज्या जुन्या पद्धतीच्या गाड्यांत दांड्यानें किंवा बटणानें चारी चाकांचा जोर लावावा लागतो, त्यांच्या मालकांनीं तो कोरड्या पक्क्या रस्त्यावर लावूं नये. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां लांबचा फेरा घेतात; चिखलांत तीं थोडीं घसरून तो फरक भरून काढतात, कोरड्या डांबरावर मात्र सगळा ताण यंत्रावर पडतो.

आतां पैशाचा विचार. स्वस्त आणि किफायतशीर हे दोन शब्द मराठींत निराळे आहेत, आणि टायरांच्या बाबतींत तो भेद फार उपयोगी पडतो. समजा, एक टायर साडेचार हजार रुपयांस मिळतो व पंचवीस हजार किलोमीटर चालतो. दुसरा सहा हजारांस मिळतो व चाळीस हजार किलोमीटर चालतो. पहिल्याचा खर्च किलोमीटरास अठरा पैसे पडतो, दुसऱ्याचा पंधरा. दुकानांत जो दीड हजारांनीं महाग वाटला तोच रस्त्यावर स्वस्त निघाला. याच्या उलटही होतें. वर्षाला चार हजार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीला चाळीस हजारांचा टायर घेतला, तर नक्षी झिजण्यापूर्वीं रबर म्हातारें होतें. त्या घरानें फार टिकाऊ मालासाठीं जादा पैसे मोजूं नयेत, ओल्या रस्त्यावरील पकडीसाठीं मोजावेत. सप्टेंबर २०२५ मध्यें नव्या टायरांवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला; भाव विचारतांना तो उतार किंमतींत उतरला आहे कीं नाहीं, हेंही पाहावें.

रबराचें वय टायरावरच लिहिलेलें असतें. कडेवर एका लंबगोलांत चार आंकडे असतात. ३२२३ असे असतील, तर तो टायर २०२३ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यांत बनला, असें समजावें. तीन वर्षें वखारींत पडलेला टायर नवा म्हणून व सवलतींत दिला जात असेल, तर ती सवलत सवलत नव्हे. पांच वर्षांनंतर टायर दर वर्षीं जाणत्याकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी वापरूं नये, असें कित्येक कारखानदार सांगतात. कडेवर बारीक भेगा दिसूं लागल्या, तर तो कालावधिही पुरा होऊं देऊं नये.

जुन्या टायरावर नवा पट्टा चढविण्याचा, म्हणजे रिमोल्डचा, प्रश्न नेहमीं निघतो. एस. टी. महामंडळाचे असे पट्टे चढविण्याचे स्वतःचे कारखाने आहेत, आणि जड वाहनांच्या मागील चाकांना ती पद्धत मानवते. तेथें मूळ टायराचा सांगाडा भक्कम असतो आणि काम देखरेखीखालीं होतें. रस्त्याकडेच्या टपरींत मोटारीच्या टायराला असा पट्टा चढवून घाटांत नेणें ही काटकसर नव्हे. त्याहूनही वाईट प्रकार म्हणजे गुळगुळीत टायरावर तापलेल्या हत्यारानें खांचा कोरून तो पुन्हां विकणें. त्यानें खोली वाढते, पण खालचें रबर पातळ होतें. विकत घेतांना खांचेच्या तळाशीं उंचवटे दिसत नसतील, तर तो टायर हातांतून खालीं ठेवावा.

खरी काटकसर घरच्या निगेंत आहे. महिन्यांतून दोनदां, गाडी थंड असतांना, हवा तपासावी. दाराच्या चौकटीवर कारखान्यानें लिहिलेला आंकडा प्रमाण मानावा. पाहुणे व सामान भरून जातांना जो जादा आंकडा दिलेला असतो तोही पाळावा. दर आठ-दहा हजार किलोमीटरांनीं टायर पुढचे मागें व मागचे पुढें करावे. स्टेपनी पुऱ्या मापाची असेल, तर तिलाही या फेऱ्यांत घ्यावें. म्हणजे चारांचें काम पांच जण वांटून घेतात आणि पांचही एकाच सुमारास म्हातारे होतात. एरवीं पांच वर्षें उन्हांत लोंबकळलेली स्टेपनी नेमकी मढच्या पुढें, पावसांत, संध्याकाळीं दगा देते. घाट उतरतांना जुन्या चालकांचा नियम पाळावा, कीं ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत तो उतरावा. त्यानें ब्रेक तापत नाहींत व टायरांवर एकदम ताण येत नाहीं. आणि पहिल्या पावसाच्या पहिल्या तासाला विशेष भ्यावें. आठ महिन्यांचें तेल व धूळ त्या वेळीं रस्त्यावर साबणासारखी पसरलेली असते.

इतकें करूनही टायराची सत्ता एका मर्यादेपलीकडे चालत नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. तेथें नेहमीं गांव दिसत असे, तेथें आज कांहींच दिसत नाहीं, हें प्रथम ज्याच्या ध्यानांत आलें तो त्या वाटेनें जाणारा एस. टी.चा चालक होता. पश्चिमेकडील वाड्यांचा बाहेरच्या जगाशीं असलेला संबंध किती अंशीं चाकांवर अवलंबून आहे, हें त्या सकाळीं दिसून आलें. अडलेली बाळंतीण घोडेगांवच्या रुग्णालयांत पोंचते ती याच रस्त्यानें, आणि तिला नेणाऱ्या जीपचे टायर बहुधा कोणीं पाहिलेले नसतात.

ज्याला घाटांत जाण्याची गरज आहे त्यानें चांगल्या चाकांनीं जावें. ज्याला केवळ धबधबा पाहावयाचा आहे त्यानें दरड कोसळण्याचा इशारा असेल त्या दिवशीं घरींच थांबावें. धबधबा पुढच्या आठवड्यांतही वाहत असतो. आणि निघण्यापूर्वीं, घरांतल्या कर्त्या माणसानें छत्री घेऊन अंगणांत उतरावें, चारी टायरांच्या खांचांत बोट घालून पाहावें, आणि मगच मुलांना गाडींत बसवावें. या कामाला दोन मिनिटें लागतात.